टंगस्टनच्या कामासाठी फ्रान्सला यावं का?

तुम्ही विचारलंय की कादाराशला, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या अणुसंशोधन केंद्राजवळ, टंगस्टनच्या टेस्टिंगचं काम मिळतंय, तर बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन यावं का आणि किती वर्षं धरून चालावं. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते लिहीत नाही.

किती वर्षं हे कामच ठरवतं हो. इटर म्हणजे इथे बांधत असलेली अनेक देशांची फ्यूजनची, अणू जोडून ऊर्जा काढायची, भट्टी. तिची आतली भिंत आधी बेरिलियमची होणार होती, २०२३ मध्ये ती टंगस्टनची करायचं ठरलं. कारण पटण्यासारखं आहे, बेरिलियमची धूळ विषारी आणि ते १२८७ अंशांना वितळतं, टंगस्टन थेट ३४२२ ला. पण टंगस्टनचे नखरे वेगळे. जड अणू, लाखात एखादा जरी प्लाझ्मात, म्हणजे भट्टीतल्या तापलेल्या वायूत, शिरला तरी आतली उष्णता एक्स-रेसारख्या किरणांतून बाहेर फेकत बसतो आणि प्लाझ्मा गार, म्हणून मग भिंतीवर बोरॉनचा थर द्यायचा. थंड असताना ठिसूळ, न्यूट्रॉनच्या माऱ्याने आणखी ठिसूळ, आणि गरम पृष्ठभागावर हेलियम आपटत राहिला की त्यावर चक्क केसांसारखी बारीक लव उगवते. डायव्हर्टरवर, म्हणजे भट्टीच्या तळाशी उष्णता आणि राख झेलणाऱ्या भागावर, चौरस मीटरला १० मेगावॉट सतत, मधूनच २०, आणि टंगस्टनचे ठोकळे तांब्याच्या मिश्रधातूच्या पाइपवर ओवलेले, आत पाणी. तो जोड सुटतो का हे बघणं म्हणजेच बहुतेक तुमचं काम. शेजारच्या वेस्ट (WEST) नावाच्या टोकामाकने, म्हणजे इटरसारख्याच पण छोट्या भट्टीने, फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनच्या भिंतींत प्लाझ्मा १३३७ सेकंद टिकवला तेव्हा मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू, काम भारीच आहे.

पण नव्या वेळापत्रकात इटरचे प्रयोग २०३४ ला सुरू, ड्युटेरियम-ट्रिटियम, म्हणजे खरं फ्यूजनचं इंधन, २०३९ ला. तुमची मुलगी तेव्हा कॉलेज संपवून बसलेली असेल. इथे 'दोन-तीन वर्षं बघू' म्हणून आलेलेच सगळे भेटतील, मीही त्यातलाच.

शाळेचं मात्र अजून डोक्यात जातं. मुलगा गणितात वर्गाच्या पुढे होता, पण फ्रेंच येत नाही म्हणून त्याला एक यत्ता खाली बसवलं, उत्तर बरोबर असलं तरी वाक्य नीट नाही म्हणून मार्क कापायचे, आणि मीटिंगमध्ये बाई मला हसून सांगायच्या की घरी पण फ्रेंच बोला. आम्ही बोललो नाही. त्याने मात्र ठरवलं. आता मराठी सगळं कळतं पण उत्तर फ्रेंचमध्ये देतो, आजीचा फोन आला की 'हो', 'बरी आहेस का' आणि फोन माझ्या हातात. माझी आई त्याला काही म्हणत नाही. मलाही नाही म्हणत, तेच जास्त लागतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त जन्मदाखल्याने छळलं. अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, मग शपथबद्ध अनुवादक, आणि एवढं झाल्यावर खिडकीवरची बाई म्हणाली दाखला तीन महिन्यांच्या आत काढलेला हवा. अहो माणूस एकदाच जन्मतो ना! वर आपण मधे वडिलांचं नाव लिहितो, बायको मधे नवऱ्याचं, ते प्रत्येक टेबलावर नव्याने समजवायचं.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतो, रविवारी जास्त. पुढे.

याच तर एकदम तिघं या, 'आधी मी जाऊन बघतो' नको. मुलीचं फ्रेंच आत्ताच सुरू करा, बायकोला इथे काम करता येईल का ते सही करायच्या आधी लेखी घ्या, आणि कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं आहे ते कळवा, मग सांगतो घर जवळच्या मानोस्क गावात बघायचं की एक्स-आं-प्रोव्हान्स शहरात.