पदक नाही, मग 'कामगिरी'त काय लिहू?

बेटा, तू विचारलंस की दोन वर्षं गावात संध्याकाळी पोरींचे खेळ घेतेस, पहाटे बायांना चालायला नेतेस, पण पदक एकही नाही. मग कॉलेजच्या पुरस्कार अर्जात 'कामगिरी'च्या रकान्यात काय भरू? मी बरीच वर्षं खेड्यातल्या शाळेत पीटी शिकवली, रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) शिबिरंही घेतली. त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी लिही, कोण येऊ लागलं ते. आपल्याकडे सातवी-आठवीनंतर पोरीचं मैदान सुटतं. स्वयंपाक, लहान भावंडं आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. वेचणीच्या दिवसांत तू खेळ दिवेलागणीला, ग्रामपंचायतीच्या लाइटखाली आणलेस आणि पोरी टिकल्या. अर्जातली सगळ्यात वजनदार गोष्ट ही आहे, आणि तू ती जाता जाता एका ओळीत सांगितलीस! हजेरीची वही आहे म्हणतेस, तर महिनावार आकडे दे. पेरणीत संख्या घसरली तेही दाखव, कारणासकट.

लगोरी, आट्यापाट्या लिहायला संकोच नको. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. फक्कीने आखलेल्या पटांगणात गावभरच्या पोरी दमेपर्यंत पळतात, हे कमी नाही. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझा तास त्यात बसतो.

बायांच्या चालण्याबद्दल मात्र जपून लिही. दिवसभर निंदण करणारीला कष्टाची कमी नसते. तिला मिळतो तो स्वतःचा अर्धा तास, मैत्रिणींसोबतचा. तेच लिही. वजन, बीपी मोजलं नसेल तर त्यावर एक शब्दही नको. तसंच 'पोरांचा खर्रा सोडवला' हे वाक्य काढ. मैदानावर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खायचा नाही हा नियम त्यांनी पाळला, एवढं खरं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

एक काम अजून बाकी दिसतं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अशा मुलांना उन्हात, पाण्यावाचून किंवा अतिश्रमाने त्रास उसळू शकतो. ज्यांची तपासणी झाली नसेल त्यांची आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात करून घे. मैदानावर पाण्याचा माठ ठेव, आणि थकलेल्या पोरीला मधूनच बसायची मोकळीक दे.

रासेयोचे दोन वर्षांचे २४० तास वेगळे दाखव, हे काम त्यात मिसळू नको. आणि पुढच्या वर्षी तू शिकायला यवतमाळला गेलीस तर शिट्टी कोण वाजवणार? नववीतल्या दोघी आताच डाव लावतात म्हणतेस. त्यांना हजेरी आणि प्रथमोपचाराची पेटी या महिन्यापासूनच सोपव, आणि अर्जात त्यांचा उल्लेख नावानिशी कर.