मुलीची प्रतिकारशक्ती कमी आहे असं डॉक्टर म्हणाले. काय उपचार करता येतील?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे, बालवाडीत जायला लागल्यापासून दर महिन्याला आजारी पडते आणि डॉक्टर 'इम्युनिटी कमी आहे' म्हणून एक सिरप लिहून देतात. ते चालू ठेवावं का, दुसरे काही उपचार असतात का आणि शाळा बंद करावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला जन्मतःच प्रतिकारशक्तीचा आजार आहे, आता तो अकरा वर्षांचा आहे. नऊ वर्षं हेच करतेय, त्यावरून लिहिते.

पहिली गोष्ट, बहुतेक वेळा ती 'कमी' नसतेच. धडधाकट लहान मुलालाही वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-ताप येतो, आणि बालवाडीत जाणाऱ्याला दहा-बारा वेळासुद्धा. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला त्याहून जास्त रेंगाळतो. हिशेब करून बघा, नाक वाहायचं थांबतं न थांबतं तोच पुढची सर्दी दारात. त्यामुळे आजारपणं मोजण्यापेक्षा दोन आजारपणांच्या मधे मुलगी कशी असते ते बघा. जेवतेय, धिंगाणा घालतेय, वजन-उंची वाढतेय आणि औषधाने किंवा औषधाशिवाय दरवेळी पूर्ण बरी होतेय, तर तिचं शरीर जंतूंची पहिली ओळख करून घेतंय, इतकंच.

काळजीचं चित्र वेगळं असतं. वर्षात दोन न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग होणं, दोन महिने किंवा जास्त अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, शिरेतून औषध दिल्याशिवाय संसर्ग न हटणं, त्वचेत खोलवर किंवा आतल्या अवयवात पुन्हा पुन्हा पू होणं, वयाच्या पहिल्या वर्षानंतरही तोंडात पांढरी बुरशी टिकून राहणं, वजन न वाढणं. यातलं काही असेल, किंवा घरात कुणी लहानपणीच संसर्गाने गेलं असेल, तर सिरप बाजूला ठेवा आणि तपासणी मागा.

घरातला प्रश्न आम्हाला तिसऱ्या डॉक्टरांनी विचारला. पहिल्या दोघांनी तुमच्यासारखंच सिरप दिलं होतं. सहा महिन्यांचा होईपर्यंत मुलगा एकदम ठणठणीत होता, कारण तोवर माझ्याकडून गर्भात मिळालेल्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, त्याला पुरत होती. मग कान, मग न्यूमोनिया, पुन्हा कान. दोन वर्षांचा असताना दुसरा न्यूमोनिया झाला. या डॉक्टर बाईंनी त्याची जीभ दाबून घशात टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याला टॉन्सिल्स दिसतच नाहीत." मग मला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?" माझा एक मामा चार वर्षांचा असताना गेला होता. घरात सगळे म्हणायचे, तो अशक्त होता.

एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया असं लांबलचक नाव आहे. यात अँटीबॉडीज बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे बी पेशीच जवळपास तयार होत नाहीत, म्हणून अँटीबॉडीज नाहीत, आणि टॉन्सिल्स या पेशींनीच भरलेल्या असल्यामुळे त्याही नाहीत. दोष आईकडून मुलाकडे येतो. मुलींना हा प्रकार सहसा होत नाही, पण अँटीबॉडी कमी असण्याचे इतर प्रकार मुलींनाही होतात.

तपासण्यांची सुरुवात साधी असते. सीबीसीमध्ये (रक्तपेशींची साधी मोजणी) लिम्फोसाइट्सचा, म्हणजे टी आणि बी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशींचा आकडा बघा. तान्ह्या बाळात तो ३००० च्या खाली असेल तर दुर्लक्ष करू नये. हा धागा सगळ्यांच्या हातातल्या रिपोर्टमध्ये असतो आणि सुटून जातो. पुढे आयजीजी, आयजीए, आयजीएम आणि आयजीई हे अँटीबॉडीजचे प्रकार मोजणं, आधी दिलेल्या लसींना शरीराने अँटीबॉडी बनवल्या का हे पाहणं, आणि गरज पडली तर फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखून मोजणाऱ्या तपासणीने टी पेशी, बी पेशी मोजणं. एचआयव्हीची तपासणी सांगितली तर वाईट वाटून घेऊ नका, ती यादीत असतेच. आणि आकडे वयाप्रमाणे बदलतात. मुलांमध्ये आयजीए मोठ्यांपेक्षा कमीच असतं, त्यामुळे लॅबने मोठ्या माणसांची रेंज छापून त्यापुढे लाल बाण काढला असेल तर घाबरण्याआधी वय विचारा.

उपचार कशात बिघाड आहे त्यावर ठरतात. अँटीबॉडीज कमी असतील तर त्या बाहेरून द्यायच्या. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन एकतर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात किंवा दर आठवड्याला त्वचेखाली. दिलेलं आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, म्हणून हे चक्र कधी संपत नाही. आम्ही शिरेतून सुरुवात केली. पहिल्या वेळी थंडी वाजून डोकं दुखलं, वेग कमी केल्यावर थांबलं. आता शनिवारी सकाळी घरीच करतो. तो स्वतः मांडी पुसतो, मी दोन बारीक सुया लावते, छोटा पंप तासभर चालतो, मांडीवर दोन टेंगळं येतात आणि दुसऱ्या दिवशी ती जिरलेली असतात. गंमत म्हणजे हा आजार ज्यांनी १९५२ साली पहिल्यांदा मांडला, त्या ऑग्डेन ब्रूटन यांनीही आठ वर्षांच्या एका मुलाला त्वचेखालीच गॅमा ग्लोब्युलिन (म्हणजे याच अँटीबॉडीज) टोचलं होतं. या उपचारात फक्त आयजीजी मिळतं, त्यामुळे सायनसचा त्रास थोडाफार राहतो. पण उपचार सुरू झाल्यापासून मुलाला न्यूमोनिया झालेला नाही.

टी पेशींमध्येच गंभीर दोष असेल (स्किड म्हणतात त्याला) तर घाई असते. बोन मॅरो प्रत्यारोपण हाच मुख्य उपाय, ते १९६८ पासून होतंय, आणि मोठे संसर्ग होण्याआधी, पहिल्या काही महिन्यांत झालं तर निकाल फार चांगला लागतो. काही प्रकारांत जीन थेरपीही (सदोष जनुकावरचा उपचार) आहे.

आणि पुष्कळदा मूळ आजार भलताच निघतो. नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात लघवीतून अँटीबॉडीज वाहून जातात, कुपोषणात सगळंच ढिलं पडतं, केमोथेरपी आणि दीर्घकाळचे स्टिरॉइड्स पेशी दाबून ठेवतात. तिथे त्या आजाराकडे बघायचं. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, ते वेगळं संकट ओढवतं. काही मुलांना न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियापासून वाचवायला को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक चालू ठेवतात. 'बरी आहे' म्हणून ते थांबवू नका.

सिरपबद्दल स्पष्टच सांगते. बूस्टर म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांनी वरच्यापैकी कुठलाही दोष भरून निघत नाही. लोह, झिंक किंवा ड जीवनसत्त्व खरंच कमी असेल तर ते मोजून, ठरलेल्या मात्रेत द्यावं. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो. माझ्याकडे त्या काळातल्या रिकाम्या बाटल्यांचा खोका होता. राग सिरपवर नाही, त्या सिरपने समाधान देऊन आमची तपासणी लांबवली यावर आहे.

लसींचं आधी विचारून घ्या. दोष सिद्ध झाला असेल किंवा संशय असेल तर बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर, कांजिण्या या जिवंत (दुबळे केलेले जंतू असलेल्या) लसी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नकोत. दोन आठवडे किंवा जास्त मोठ्या डोसचे स्टिरॉइड्स झाले असतील तर ते बंद झाल्यावर जिवंत लसींसाठी किमान महिनाभर थांबतात. घरातल्या इतरांनी मात्र सगळ्या लसी घ्याव्यात, फक्त धाकट्या भावंडाला पोलिओची लस इंजेक्शनवाली द्या. आणि तुमची मुलगी धडधाकट निघाली तर तिची एकही लस चुकवू नका. गोवर नुसता होऊन जात नाही, शरीराने आधी कमावलेल्या अँटीबॉडीजची आठवणही पुसून जातो.

तापाचा नियमही आजारानुसार बदलतो. केमो चालू असलेल्या मुलाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे तातडी. पॅरासिटामॉल देऊन रात्र काढायची नाही, लगेच निघायचं. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं असतं. धडधाकट चार वर्षांच्या मुलीला तोच ताप आला आणि ती पाणी पितेय, खेळतेय, तर वाट बघता येते.

शाळा बंद करू नका, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं असेल तरच करा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर आधी ती बंद करा, कानाच्या आणि छातीच्या संसर्गांत त्याने खरा फरक पडतो. आमचा मुलगा पहिलीपासून रोज जातो. बाईंकडे माझा नंबर आहे, वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्या त्याच दिवशी फोन करतात. माझ्या मुलाला मिळणाऱ्या आयजीजीत कांजिण्यांच्याही अँटीबॉडीज असतात, त्यामुळे त्याला फारशी धास्ती नाही. पण मोठे स्टिरॉइड्स किंवा केमो चालू असलेल्या आणि आधी कांजिण्या न झालेल्या मुलासाठी हा फोन फार मोलाचा. संपर्कानंतर देण्याचं संरक्षक इंजेक्शन दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.