श्रद्धा फारशी नाही, हाताशी आठच दिवस आहेत. पायी तीर्थयात्रेला जाण्यात अर्थ आहे का?

आहे. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे विचारलंय, "पायाला फोड आल्याशिवाय यात्रा खरी होत नाही म्हणतात, ते बरोबर का?", ते वाचून राहवलं नाही. आधी तेच घेतो.

साफ खोटं आहे. फोडाचा आणि पुण्याचा काही संबंध नाही, तो बूट, ओल आणि ओझं यांच्या चुकलेल्या गणिताचा आहे. पाऊल टाकताना आतलं हाड पुढे सरकतं, कातडी मात्र ओल्या मोज्याला चिकटून जागीच राहते. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. म्हणून सुती मोजे घरीच ठेवा. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. ती नसली तर उतारावर नखं आपटून काळीनिळी होतात. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय कोरडे करायचे, मोज्यांची दुसरी जोडी चढवायची. तळव्याला एखाद्या जागी चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हणणाऱ्यांनाच फोड येतात.

एवढं करूनही आलाच आणि लहान असला, तर त्याला हात लावू नका. मोठा आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, स्वच्छ पट्टी बांधा. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी युक्ती अजूनही कौतुकाने सांगितली जाते. तो दोरा म्हणजे जंतूंना आत जायला वाट करून देणं.

सॅक स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावी. साठ किलोच्या माणसाला सहा किलो, पाण्यासकट. पहिले दोन दिवस १५ किलोमीटर, मग रोज २०. आठ दिवसांत दीडशे होतात, तेवढे पुष्कळ. निघण्याआधी भरलेली सॅक घेऊन लागोपाठ दोन दिवस चालून बघा. एका दिवसाच्या चालण्यातून काहीच कळत नाही, काय दुखणार ते दुसऱ्या सकाळी समजतं. नडगी धरते ती बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी, डांबरी उतारावर लांब ढांगा टाकल्यामुळे. तिथे पावलं आखूड टाका.

आता अर्थाचं. युरोपात पायी यात्रा पुन्हा सुरू झाल्या त्या श्रद्धेची लाट आली म्हणून, हे मला पटत नाही. वाटेवर सोय झाली म्हणून त्या सुरू झाल्या. स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाकडे जाणाऱ्या वाटेचंच उदाहरण घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे वर्षाला नोंदवलेले यात्रेकरू हजाराच्या आत होते, २०२४ मध्ये जवळजवळ पाच लाख. मधल्या काळात काय झालं? एलियास वालिन्या या धर्मगुरूने १९८४ मध्ये वाटेवर पिवळे बाण रंगवायला घेतले. १९८७ मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. जागोजागी स्वस्त मुक्काम झाले. शिवाय यात्रा केल्याच्या प्रमाणपत्राला किमान १०० किलोमीटर चालण्याची अट, म्हणजे आठवड्याची रजा मिळणाऱ्यालाही जमेल असं अंतर.

त्या बाणांमुळेच श्रद्धा नसलेल्यालाही काहीतरी मिळतं. पहिले तीन दिवस शरीराच्याच तक्रारी ऐकाव्या लागतात. त्यानंतर उठा, चाला, कपडे धुवा, झोपा, एवढंच उरतं आणि कुठे वळायचं तेही बाण ठरवतो. निर्णय घ्यायचे थांबले की डोक्यात जागा होते. श्रद्धाळू तिथे नामस्मरण भरतो; तुम्ही काय भराल ते तुमचं तुम्ही बघा. म्हणून शनिवार-रविवारच्या यात्रेत मला अर्थ दिसत नाही. शरीर गप्प बसायच्या आत ती संपते. आठ दिवस पुरतात. फक्त वाटेवर खुणा चांगल्या असतील तिथे फोनमधला नकाशा बंद ठेवा.

राहिला तो नेहमीचा वाद: सॅक गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवली तर यात्रा बाटते म्हणे! मध्ययुगात ज्यांना परवडत होतं ते घोड्या-खेचरांवर बसून जात, त्यांना कोणी परत पाठवलं नाही. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. बहुतेक लोक ती बसने किंवा मोटारीने करतात आणि मंदिरात त्यांच्या वहीतही चालत आलेल्यासारखाच शिक्का उमटतो. मंदिराची हरकत नसताना सोबत चालणाऱ्यांनी पंच का व्हावं? मला स्वतःला चालणंच आवडतं, पण तो आवडीचा भाग झाला.

एक राहिलं. मधुमेह असेल किंवा तळव्यांची संवेदना कमी असेल, तर वरचं सुईचं प्रकरण विसरा. फोड डॉक्टरांनाच दाखवा, आणि आधी विचारल्याशिवाय निघू नका. अशांनी सॅक तर बेलाशक गाडीने पाठवावी.