क्रीडा विपणन शिकू इच्छिणाऱ्यास

क्रीडा विपणनाच्या अभ्यासक्रमाला केवळ खेळाच्या आवडीवर प्रवेश घेऊ नका. हिशेब, करारातील कलमे आणि प्रेक्षकाचे मन यांचा अभ्यासही तितकाच नेटाने करावा लागतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा आकडा पाठ करण्यापेक्षा, दूरचित्रवाणीचे आणि डिजिटल हक्क वेगवेगळे का विकले गेले, हे समजून घ्या.

नागपूरजवळ जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सामना असेल तेव्हा एकदा तरी चेंडूऐवजी सीमारेषेवरचे फलक पाहत बसा. मला मात्र खरे शिक्षण वस्तीतल्या कबड्डीने दिले. विद्यार्थिदशेत सीताबर्डीतील एका कापड दुकानदारांकडून मी स्पर्धेसाठी प्रायोजकत्व मिळवले, पण त्यांचा फलक मंडपाच्या खांबामागे लागला आणि छायाचित्रांत नावाची शेवटची दोनच अक्षरे दिसली. "यात मी कुठे आहे?" असे त्यांनी शांतपणे विचारले, ते आजही बोचते. फलकाची जागा, आकार आणि छायाचित्रे यांविषयी आधीच लेखी ठरवून घ्या.

नागपूरच्याच दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. क्रिकेटबाहेरच्या अशा खेळाडूंना प्रायोजक कसे मिळतील, यावरच आपला प्रकल्प करावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी मानकापूरच्या क्रीडा संकुलात सरावाला येणाऱ्यांशी आधी बोला.