उरलेले औषध फ्लॉवरवर

प्रश्न : माझा पुतण्या कृषी विभागात लागला असून कीटकनाशक निरीक्षकाच्या प्रशिक्षणासाठी तो हैदराबादला जाणार आहे. इकडे सांवेरजवळच्या आमच्या शेतात सोयाबीनसाठी आणलेले औषध उरले, ते बटाईदाराने फ्लॉवरवर मारले. मी हरकत घेतली, तर ‘सरकारमान्य औषध आहे, त्रिकोणही हिरवा आहे’ असे त्याने सांगितले. निरीक्षक अशा वापराला आळा घालू शकतो काय? आणि तिथे ही मंडळी शिकतात तरी काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ‘सरकारमान्य’ या शब्दानेच घोटाळा होतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार केंद्रीय नोंदणी समिती औषधाला सरसकट मान्यता देत नाही. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, हे ठरवूनच ती नोंदणी करते आणि तेच लेबलावर छापावे लागते. त्रिकोणाचा रंग माणसाला होणाऱ्या विषबाधेची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. फ्लॉवरला ते चालेल की नाही, याच्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही. (आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, त्याचाही या गैरसमजात थोडा हात असावा.)

हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत निरीक्षकांना कायद्याची अंमलबजावणी शिकवली जाते. पुतण्याने सर्वांत अधिक लक्ष नमुना घेण्याच्या पद्धतीकडे द्यावे, असे मला वाटते. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे दुकानदारासमोर तीन भाग करायचे, ते सीलबंद करायचे आणि त्यांवर दुकानदाराला स्वतःचे सीलही लावू द्यायचे. एक भाग त्याला परत, एक औषध तपासणाऱ्या सरकारी विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी. बाटली लहान असून उघडल्यास औषध बिघडण्यासारखे असेल, तर तीन भाग न करता तीन बाटल्या घ्यायच्या. विश्लेषकाने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो हाती पडल्यापासून २८ दिवसांत दुकानदार त्याला आव्हान देऊ शकतो. यातील एखादी पायरी चुकली, तर भेसळ उघड असूनही बचावपक्षाच्या वकिलाला आयते कोलीत मिळते. रसायनशास्त्राचा पदवीधरसुद्धा इथे अडखळतो, कारण हे काम अर्धे प्रयोगशाळेचे आणि अर्धे कोर्टाचे आहे.

आता तुमच्या बटाईदाराबद्दल. विक्रीवर परवाना, तपासणी, विक्रीबंदीचा आदेश असे अनेक लगाम आहेत. परंतु घरगुती वापर, परसबाग आणि स्वतः कसत असलेली जमीन यांसाठी केलेला वापर कलम ३८ ने या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे पुतण्या निरीक्षक झाला, तरी त्या फवारणीसाठी बटाईदारावर या कायद्याखाली कारवाई करू शकणार नाही. भाजी बाजारात गेल्यावर अन्नसुरक्षा कायद्यातील अवशेषमर्यादा, म्हणजे भाजीत औषधाचा किती अंश उरलेला चालतो ती मर्यादा, लागू होते, पण तपासणी होईपर्यंत फ्लॉवर कोणाच्या तरी कढईत गेलेला असतो. म्हणून विक्रेत्याने औषध देताना पीक विचारावे, हे दुकानाच्या तपासणीतच बजावण्याची सवय निरीक्षकांना प्रशिक्षणात लावली पाहिजे.

तूर्त त्या बाटलीच्या लेबलावरची पिकांची नावे बटाईदाराला वाचून दाखवा. फ्लॉवरचे नाव त्यात नसेल, तर लेबलावरचा काढणीपूर्व कालावधीही तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तो दुसऱ्या पिकासाठी ठरवलेला आहे. तो गड्डा बाजारात पाठवू नये आणि घरीही खाऊ नये.