स्टोरेजची नोकरी घेऊ की नेटवर्किंगची वाट पाहू?

प्रश्न : मी सांगलीची. यंदा ई अँड टीसीमधून बीई झाले, सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेटही केलं. ऐरोलीच्या एका डेटा सेंटरने स्टोरेज टीममध्ये ट्रेनी म्हणून बोलावलंय, काम ‘सॅन एक्स्टेन्शन’चं, म्हणजे सर्व्हरना स्टोरेजशी जोडणारं खास नेटवर्क (सॅन) दूरच्या केंद्रापर्यंत नेण्याचं. बाबा म्हणतात, आता सगळं क्लाउडवर गेलंय, यात अडकू नकोस.

उत्तर : खुशाल जा. हे कामही नेटवर्किंगचंच आहे, आणि बऱ्यापैकी अवघड नेटवर्किंगचं.

बँका, शेअर बाजार यांना डेटाची प्रत दूरच्या शहरात ठेवावीच लागते. एनएसईचं डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य केंद्र बंद पडलं तर काम चालवणारं) केंद्र चेन्नईत आहे. २ मार्च २०२४ च्या शनिवारी खास सत्र घेऊन डीआरवरून प्रत्यक्ष सौदे चालवून पाहिले होते. इमारतीच्या आत सॅन सहसा फायबर चॅनेल या स्टोरेजसाठीच्या खास प्रोटोकॉलवर चालतं. शहराबाहेर पडलं की हाताशी बहुधा आयपीची लाइनच असते. मग फायबर चॅनेलच्या फ्रेम (डेटाची पाकिटं) टीसीपी-आयपीत गुंडाळून पाठवायच्या. हेच एफसीआयपी, त्याचं मानक २००४ चं, आरएफसी ३८२१.

खरी गंमत अंतराची. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन येण्यात १० मिलिसेकंद गेले. केबल काही नाकासमोर जात नाही, तेव्हा २० धर. प्रत्येक राइटला, म्हणजे डेटा लिहिताना दरवेळी, एवढं थांबायचं म्हटलं तर डेटाबेस रांगायला लागतो. म्हणून सिंक्रोनस (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे जाणारी) प्रत जवळच्या केंद्रात, लांबच्याला असिंक्रोनस (मागाहून पोहोचणारी). त्यात टीसीपी विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीचीच राहिली, तर १ जीबीपीएसच्या लाइनवरून एका कनेक्शनला जेमतेम २६ एमबीपीएस मिळतात. स्टोरेजवाले म्हणतात लाइन खराब, नेटवर्कवाले म्हणतात पिंग तर व्यवस्थित येतंय! हा हिशेब कागदावर मांडून दोघांना गप्प करणारी माणसं फार कमी आहेत. तुझी जागा तिथे आहे.

बाबांचं अगदीच चूक नाही. नुसतं लन (सर्व्हरला द्यायचा स्टोरेजचा तुकडा) काढून द्यायचं काम ऑटोमेशन खातंय. तेवढ्यावर थांबलीस तर अडकशील.

महागडा कोर्स आत्ताच लावू नकोस. एफसीआयपीची यंत्रं घरी मिळणार नाहीत, पण लॅपटॉपवर दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन उभी कर, एकीवर आयस्कझी टार्गेट (आयपीवरून डिस्क देणारं स्टोरेज) लाव, लिनक्सच्या ‘टीसी नेटेम’ने २० मिलिसेकंदांचा उशीर घाल आणि फाइल कॉपी कर. वेग कुठे कोसळतो ते वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बघ. मुलाखतीत हे सांगता आलं तर सर्टिफिकेटपेक्षा जास्त वजन पडेल. जमल्यास हेही वाचून जा : लिंक सारखी खाली-वर झाली तर दोन्हीकडची फॅब्रिक (सॅनच्या स्विचची जाळी) का हलतात, आणि मधे राउटिंग टाकून त्यांना वेगळं का ठेवतात.

रात्रपाळी असेल, ऑन-कॉल असेल. बाबांना ते आधीच सांग. बाँड किती वर्षांचा, हे विचार. आणि डीआर ड्रिलला ट्रेनींना बसवतात की नुसते अलर्ट बघायला ठेवतात, हेही विचार. दुसरं उत्तर आलं, तर मात्र नेटवर्किंगचे अर्ज चालू ठेव.