नान्नजच्या माळावर अरण्य कुठंय?

प्रश्न असा आला आहे: "पोरांना घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजला गेलो. पाटीवर 'माळढोक पक्षी अभयारण्य'. आत गवत, बोरीची झुडपं आणि ऊन. धाकटा म्हणाला, अरण्य कुठंय? शब्दच चुकलाय का? 'अभयमाळ' म्हणायला काय हरकत आहे?"

धाकट्याचं निरीक्षण बरोबर आहे, पण शब्द चुकलेला नाही. अरण्य म्हणजे दाट झाडी, ही समजूत नंतरची. वैदिक भाषेत 'ग्राम' आणि 'अरण्य' ही जोडी येते. वस्ती आणि नांगराखालची जमीन एकीकडे, तिच्या पलीकडचं सगळं दुसरीकडे. 'अरण' म्हणजे दूरचा, परका, त्यावरून अरण्य. त्या पलीकडच्या मुलखात झाडं असलीच पाहिजेत, अशी अट नव्हती.

आता खरी गंमत. संस्कृतातल्या 'अरण्य'चा सुरुवातीचा 'अ' प्राकृतात गळतो आणि 'रण्ण' होतं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या प्राकृत व्याकरणात ही नोंद केली आहे. त्या 'रण्ण'चं मराठीत झालं 'रान'. म्हणजे तुम्ही ज्याला माळरान म्हणता, त्यात अरण्य आधीच बसलेलं आहे. गायरानातही आहे. आणि आपल्याकडे तर शब्द फिरून पार उलट्या टोकाला गेला. "आबा रानात गेल्यात" म्हटलं की आबा ज्वारीला पाणी द्यायला गेलेले असतात, वाघ मारायला नव्हे. जे गावाबाहेरचं, न नांगरलेलं, त्याच शब्दाने आपण नांगरलेल्या शेताला हाक मारतो.

'जंगल'ची कथाही अशीच. मूळ 'जांगल'. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ काटेरी झाडांचा, हरणं आणि तित्तिर असलेला प्रदेश. त्याच्या उलट पाणथळ तो अनूप. हे वर्णन वाचताना मला तरी नान्नजकडे जाणारा बार्शी रोडच दिसतो. पुढे हा शब्द उत्तरेतल्या बोलींतून इंग्रजांनी उचलला, तो दाट झाडीला चिकटला आणि पार ॲमेझॉनपर्यंत जाऊन पोहोचला.

'अभय'ही जुनंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अभयवन' आहे. तिथल्या पशुपक्ष्यांना आणि माशांनाही मारलं, पकडलं तर जबर दंड. आजचा आधार आहे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या कलम 18मध्ये प्राणी, वनस्पती, भूरूप अशा महत्त्वावरून क्षेत्र निवडायचं आहे. झाडी हवीच, असं नाही. आपलं अभयारण्य 1979चं. सुरुवातीला त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. पुढे ते सुमारे बाराशेवर आणलं. (म्हणजे मधली काही वर्षं रान या शब्दाचे दोन्ही अर्थ सरकारी कागदावर एकत्र नांदत होते, आणि शेतकऱ्यांना ते काही फार आवडलं नव्हतं.)

मग धाकट्याच्या डोक्यात अरण्य म्हणजे झाडं, हे आलं कुठून? आपल्याच डोक्यातून. 1950मध्ये तेव्हाचे केंद्रीय शेतीमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी झाडं लावण्याचा वनमहोत्सव सुरू केला. 1973पासून गढवालच्या डोंगरात बायाबापड्यांनी झाडांना मिठ्या मारून ठेकेदारांना रोखलं, ते चिपको. दोन्ही गोष्टी मोलाच्या. पण त्यातून पर्यावरण म्हणजे झाड हे चित्र पक्कं झालं आणि गवताच्या वाट्याला 'पडीक' हा शब्द आला. महसुली कागदातला हा शब्द मला मनापासून आवडत नाही. पडीक म्हटलं की माणसाचा हात शिवशिवतो, खड्डे घ्यावेत, रोपं लावावीत. आपल्या माळांवर तसं झालंही. ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, लावलं गेलं. माळढोक हा मीटरभर उंचीचा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हा-कुत्रं लांबून दिसलं तर तिचा निभाव. तिच्यासमोर झाडांची भिंत उभी करायची आणि त्याला हिरवं करणं म्हणायचं, हा शब्दांनी केलेला घोळ आहे. शब्द नीट वाचला असता तर मारवेल आणि पवन्या गवतालाच आपण अरण्य म्हटलं असतं.

जाता जाता, याच कायद्यातलं 'राष्ट्रीय उद्यान' जास्त खटकायला हवं. उद्यान म्हणजे बाग. ताडोबाच्या वाघाला कारंजं आणि बाकडं!

राहिला तुमचा 'अभयमाळ'. कल्पना छान आहे. पण 'तो माळ' आणि 'ती माळ' यातला फरक लिहिताना दिसत नाही. पाटी वाचून सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतला एखादा पाहुणा विचारील, "ही कुठं मिळते, आणि गळ्यात घालायची का मनगटात?"